पीठाधीश

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, विशेषेकरून टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना या प्रांतांत, नोकरीतून निवृत्त झालेल्या, मुलेबाळे दूरच्या शहरांत मार्गी लागलेल्या आणि अंगणातले गवत आठवड्यातून दोनदा कापूनही ज्यांचा वेळ शिल्लक उरतो अशा गृहस्थांचा एक वर्ग आढळतो. डबाबंद अन्नाविरुद्ध चालवलेल्या एका अखंड दाव्यात या वर्गाचे उर्वरित आयुष्य खर्ची पडते. आपल्याकडे असा गृहस्थ गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस होतो आणि पाण्याच्या टाकीची किल्ली स्वतःच्या जानव्याला अडकवतो. तिकडे तो चिकन पॉट पाय करू लागतो. कोणी विनंती केलेली नसताना कारभार हाती घ्यावा आणि मग त्या कारभाराच्या ओझ्याने आपण वाकलो आहोत असे सर्वांस सांगत सुटावे, ही प्रेरणा दोन्हीकडे सारखीच. फरक इतकाच, की चिटणिसाच्या कारभारातून कोणाच्या तोंडी काही पडत नाही आणि याच्या कारभारातून, उशिरा का होईना, पडते.

पदार्थ वस्तुतः निरुपद्रवी आहे. उकडलेल्या कोंबडीचे हाताने सोडवलेले मांस, बारीक चिरलेला कांदा, गाजर, सेलरीचे दांडे आणि मूठभर वाटाणे. लोण्यात परतलेल्या मैद्यावर कोंबडीचे पाणी आणि दूध हळूहळू ओतून घोटलेला दाटसर पांढरा रस्सा. त्यात थाइमची पाने आणि मिरपूड. आणि या सर्वांवर झाकणाच्या जागी मांडलेली बिस्किटे. ही बिस्किटे म्हणजे ताकात कालवलेल्या मैद्याची, सोड्याने व बेकिंग पावडरने फुगणारी, वरून तांबूस, आतून मऊ आणि बोटाने उकलताच थराथराने सुटणारी अशी दक्षिणेची भाकरच होय. सव्वाचारशे फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये वीस-पंचवीस मिनिटे, आणि काम संपले. सुगृहिणी हे सगळे दीड तासात उरकते आणि मध्येच कपडेही वाळत घालते. आमच्या गृहस्थास मात्र त्यासाठी रविवारचा पूर्ण दिवस, शनिवारची संध्याकाळ आणि पुढच्या आठवड्यातील संभाषणाचा बराचसा अंश लागतो.

त्याची विद्वत्ता प्रथम इतिहासात प्रकट होते. हार्टफर्ड येथे १७९६ साली अमेलिया सिमन्स या बाईंनी छापलेला जो पाकग्रंथ अमेरिकनांचा आद्य पाकग्रंथ म्हणून मानला जातो, त्याची नवी आवृत्ती त्याच्या फडताळात मिठाच्या बरणीशेजारी असते, आणि त्यातील चिकन पायला सहा कोंबड्या व दीड पौंड लोणी लागत असे, ही माहिती तो पाहुण्याचा कोट खुंटीवर टांगता टांगताच सांगून मोकळा होतो. त्या पायवर बिस्किटे नसून जाड पारी आहे आणि वाटाण्याचे तर नावही नाही, ही गोष्ट कोणी निदर्शनास आणून दिल्यास तो खिन्नपणे हसतो. पंथभेदांविषयी त्याची मते त्याहूनही कठोर आहेत. पेन्सिल्व्हेनियातले जर्मन वंशाचे लोक पॉट पाय म्हणून जे वाढतात त्यात झाकण नसतेच, चौकोनी कापलेल्या पिठाच्या पट्ट्या रश्शात शिजवलेल्या असतात. हे सूप आहे, असा त्याचा निकाल आहे. विन्स्टन-सेलमचे मोरेव्हियन पंथीय आपल्या पायमध्ये कोंबडी आणि रस्सा यांखेरीज काहीएक घालत नाहीत आणि तो चर्चच्या निधीसाठी विकतात. त्यांच्या धर्मनिष्ठेबद्दल त्याला आदर आहे, गाजराविषयीच्या त्यांच्या अनास्थेबद्दल नाही. उत्तरेकडची मंडळी वरून बिस्किटांऐवजी पारी घालतात, त्यांच्याबद्दल तो बोलत नाही. एकदा यादवी युद्ध हरल्यानंतर काही विषय काढू नयेत, इतका पोक्त विचार त्याच्यापाशी आहे.

परंतु त्याचे खरे पीठ पिठातच आहे. दक्षिणेचे बिस्किट नरम गव्हाच्या मैद्याचे व्हावे लागते, कारण त्या मैद्यात प्रथिने कमी असल्यामुळे चिकटपणा धरत नाही आणि बिस्किट चिवट होत नाही. हे शास्त्र खरेच आहे आणि ते त्याने कोणाकडून शिकले असेल त्या व्यक्तीविषयी माझ्या मनात आदरच आहे. तथापि शास्त्राने त्याचे समाधान होत नाही. नॉक्सव्हिल येथे १८८३ साली सुरू झालेल्या व्हाइट लिली या पिठाखेरीज दुसरे पीठ त्याच्या घरात शिरू शकत नाही, आणि मालकी बदलल्यावर २००८ साली नॉक्सव्हिलची ती जुनी गिरणी बंद होऊन पीठ दुसरीकडे दळले जाऊ लागले, तेव्हापासून त्याच्या कालगणनेचे दोन भाग पडले आहेत. पिशवी तीच, नाव तेच, पण पूर्वीची गोष्ट नाही, असे तो पिशवीवर हात ठेवून, नुकत्याच निवर्तलेल्या माणसाविषयी बोलावे तशा आवाजात सांगतो. या घटनेचा त्याला एक व्यावहारिक उपयोगही झालेला आहे. बिस्किट फुगले तर ते त्याच्या हाताचे यश असते. बसले तर तो २००८ चा परिणाम असतो.

लोण्याचा प्रसंग मात्र प्रत्यक्ष पाहावा असाच आहे. लोणी रात्रभर गोठवून दगड केलेले असते. सकाळी उठून तो प्रथम घरातील शीतयंत्राचा अंमल वाढवतो, कारण उष्म्याने लोणी वितळले तर ओव्हनमध्ये त्याची वाफ होऊन थर सुटावयाचे ते सुटत नाहीत. मग बर्फाच्या पाण्यात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून, डोळे मिटून, बराच वेळ उभा राहतो. सौभाग्यवती शाल पांघरून हे पाहत असतात. नंतर तो खिसणीवर ते लोणी खिसतो, बोटाच्या पेरांनी, तळव्याचा स्पर्श होऊ न देता, मैद्यात चोळतो, आणि वाटाण्याएवढे खडे राहिले की थांबतो. मग थंड ताक, मग लाकडी चमचा, मग ओट्यावर तो गोळा थापून तीनदा घडी घालणे. इतके झाल्यावर गोल धारेचा साचा बाहेर निघतो. साचा सरळ खाली दाबावा आणि सरळ वर उचलावा, फिरवू नये. फिरवल्यास कडा मिटतात आणि बिस्किट एका अंगास कलते. हा नियम तो पाहुण्यास पुनःपुन्हा बजावतो, साचा त्याच्या हाती देतो, आणि मग पाहुण्याच्या मनगटाकडे अशा एकाग्रतेने पाहत राहतो की जन्मात कधी काही फिरवले नसेल अशा माणसाचेही मनगट त्या दृष्टीखाली आपोआप फिरते. साचा लगेच परत घेतला जातो. ते एक बिस्किट पायच्या कडेला, सर्वांना ओळखू येईल अशा जागी ठेवण्यात येते.

आता, सगळे घरी आणि मुळापासून करतो असे जो म्हणतो, त्याचे मूळ नेमके कोठे आहे, हा प्रश्न कोणालाही सुचेल. वाटाणे गोठवलेले, पिशवीतले असतात. ते चालतात, कारण गोठवलेला वाटाणा ताज्याहून ताजा असतो असे त्याने वाचले आहे. लोणी दुकानातले असते. गाय पाळणे नगरपालिकेच्या कायद्याने शक्य नाही. कोंबडी तर बहुधा कॉस्टकोमधून आणलेली, चार डॉलर नव्व्याण्णव सेंटची, सळईवर भाजून तयार मिळणारी असते, आणि तिची हाडे तो स्वतः उकळून पाणी काढतो, एवढ्या पुण्याईवर तिचे दुकानीपण धुतले जाते. डब्यातला रस्सा घेणारा मात्र भ्रष्ट; गोठवलेला तयार पाय घेणारा त्याहून भ्रष्ट; आणि नळकांड्यातली कालवलेली बिस्किटे आणणारा तर पंक्तीला घेण्याच्या लायकीचा नाही. सोवळ्याची रेषा आपल्या स्वतःच्या पाटाच्या अगदी लगत खालून आखावी, ही कला काही एकट्या कोकणस्थांनी शोधून काढलेली नाही.

याच रेषेवर एक कागद आडवा येतो, त्याची कैफियत सांगितली पाहिजे. पायची ही कृती आजीची, असे तो सांगत असतो, आणि ती कृती आजीच्या हस्ताक्षरात, तुपकट डाग पडलेल्या एका पिवळ्या कार्डावर, चौकटीत मढवून भिंतीवर लावलेली असते. तिच्याजवळ जाऊन वाचण्याचा प्रघात नाही. कोणी चष्मा लावून वाचलीच, तर तिसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिलेले आढळते: कॅम्पबेलचे क्रीम ऑफ चिकन सूप, एक डबा. हे सूप बाजारात आले १९४७ साली, आणि पाच मुलांच्या त्या माउलीने, युद्धानंतरच्या त्या दिवसांत, ते पहिल्या झटक्यात आणून पातेल्यात ओतले असणार, याविषयी मला शंका नाही. तिच्या जागी मीही तेच केले असते. खालच्या ओळीत बिस्किटांच्या जागी बिस्क्विक या तयार मिश्रणाच्या पुड्याचे माप आहे. भांडारकर संस्थेतील पंडितांनी ज्या निर्विकारपणे महाभारतातले प्रक्षेप निवडून तळटिपांत टाकले, त्याच निर्विकारपणे आमचा गृहस्थ या दोन्ही ओळी प्रक्षिप्त ठरवतो. आजीची मूळ संहिता वेगळी होती; कार्ड लिहिताना ती थकलेली होती; तिला जे म्हणावयाचे होते ते तो करतो. तिला काय म्हणावयाचे होते हे तिच्या हयातीत तिला कोणी विचारले नव्हते, पण भाष्यकारांच्या मार्गात अशी अडचण कधी आलेली नाही.

या सर्व व्यापात एक तांत्रिक मुद्दा आहे, आणि त्या मुद्द्यावरच दर रविवारी गाडे अडते. बिस्किटे ठेवताना खालचा रस्सा उकळता हवा. रस्सा गार असला तर बिस्किटे वरून तांबूस होतात आणि बुडाशी कच्चा, चिकट गोळा राहतो. उकळत्या रश्शावर ठेवली म्हणजे खालची वाफ आणि वरची आच अशी दोहोंकडून शिजतात. हे तत्त्व निर्विवाद आहे. ते तो पाहुण्यास हातातली बिस्किटे तशीच धरून, बिडाच्या काळ्या तव्यापाशी उभा राहून, इतक्या विस्ताराने समजावून देतो, मध्येच तवा १८९६ पासून टेनेसीच्या साउथ पिट्सबर्गमध्ये ओतकाम करणाऱ्या लॉज कारखान्याचा आहे हेही इतक्या तपशिलाने सांगतो, की तेवढ्या अवधीत रस्सा गार होतो. सौभाग्यवती काही न बोलता तव्याखालची आच पुन्हा लावतात. चाळीस वर्षांचा संसार ज्या असंख्य लहान कृत्यांवर उभा असतो त्यांपैकी हे एक होय, आणि त्याची नोंद आजीच्या कार्डावर नाही.

सौभाग्यवतींविषयी आणखी एक गोष्ट सांगतो, ती कृपा करून बाहेर जाऊ देऊ नका. नळकांड्यात दाबून भरलेल्या बिस्किटांचे पेटंट लुइव्हिलच्या लाइव्हली विलोबी नावाच्या बेकरने १९३१ साली घेतले, आणि तेव्हापासून ते नळकांडे उघडताना मोठ्याने फट् असा आवाज करते. हा आवाज या घरात झाला तर काय होईल याची कल्पना करवत नाही. परंतु ज्या रविवारी २००८ चा परिणाम फारच जाणवतो आणि पहिली खेप टाकून द्यावी लागते, त्या रविवारी यजमान पाहुण्यांना मागील अंगणात टोमॅटोची रोपे दाखवावयास नेतात, आणि परत येतात तो दुसरी खेप ओव्हनमध्ये फुगत असते. अशी खेप तो विशेष आवडीने खातो. आज हात बसला, असे म्हणतो. बाई रुमालाने तोंड पुसतात.

रालीजवळच्या कॅरी आणि मॉरिसव्हिल या गावांत आता मराठी घरे पुष्कळ झाली आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांच्या शेजारी हा गृहस्थ राहतो, म्हणून हा प्रपंच. तुम्ही तिखट मागाल हे तो गृहीत धरतो आणि टेक्सास पीट या सॉसची बाटली पुढे करतो; नावावर जाऊ नका, ती विन्स्टन-सेलमची आहे, आणि हेही तो सांगेलच. तुमच्या घरात कोणी शाकाहारी असेल तर तो मनापासून हळहळेल आणि त्या व्यक्तीच्या वाटीतले कोंबडीचे तुकडे स्वतःच्या हाताने, एकही न चुकवता, वेचून काढून देईल. रस्सा कोंबडीचाच आहे, हा विषय तेथे उपस्थित करू नये. पदार्थ मात्र उत्तम असतो, हे मी शपथेवर सांगतो: वरचे बिस्किट फोडले की आतून वाफ येते, त्याचा खालचा भाग रश्शाने भिजून खिरीसारखा झालेला असतो आणि वरचा कुरकुरीत राहिलेला असतो, आणि दोन्ही एकाच घासात येतात.

तेव्हा बोलावणे आले तर अवश्य जा. वेळ सहाची दिलेली असेल. घरून निघण्यापूर्वी बशीभर पोहे खाऊन निघा, कारण सहा वाजता लोणी अद्याप गोठलेले असते. स्वेटर बरोबर असू द्या. साचा हाती दिला तर नम्रपणे नकार द्या. भिंतीवरचे कार्ड वाचू नका. आणि बिस्किटे खरोखर हातची आहेत काय, अशी शंका आलीच, तर ती यजमानांस न विचारता सौभाग्यवतींना विचारा, आणि तीही गराजमध्ये. नळकांडी त्या तेथेच उघडतात.