सुनेनं सासूला हाणलं म्हणे

"ऐकलं का गं? कोपऱ्यावरच्या घरात परवा रात्री सुनेनं सासूला हाणलं म्हणे."

काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली की समजून जावं, कुकर खाली उतरवून यावं लागणार. मी उतरवून आले.

"कशानं हाणलं?"

"तलवारीनं."

"काकू!"

"अवं माय, मी नाही म्हणत. आमच्या धुणंवालीनं स्वतःच्या कानानं ऐकलंय. सासू ओरडायली, 'मला कामून मारायलीस, त्या टकल्याला मार की!' अन सून म्हणायली, 'तुम्हीच मधी येता.' आता गल्लीत टकले दोनच. एक बँकवाले अन दुसरे तुमचे."

मला हसू आवरेना. काकूंच्या चेहऱ्यावर मात्र चौकशी समितीचा भाव.

"काकू, तो टकला टीव्हीतला. हातोडा घेतलेला राक्षस आहे. त्यांचा लेक पुण्याहून आलाय ना, त्यानं बोटाएवढं यंत्र आणलंय. टीव्हीच्या मागं खुपसायचं, दोन रिमोट हातात घ्यायचे. आपल्या लहानपणचे हजारो गेम त्यात. त्यातला 'गोल्डन ॲक्स' खेळायलेत सगळे."

"म्हणजे तुला आधीच माहीत होतं!" बातमी शिळी निघाल्याचं दुःख काकूंना लपवता येत नाही.

"मी खेळून आले परवाच."

"तू? कशात काय करायचं असतं?"

मग सांगावंच लागलं. डेथ ॲडर नावाचा एक दुष्ट असतो. त्यानं राजाला अन राजकन्येला डांबून ठेवलंय, सोन्याची कुऱ्हाडही पळवलीय. त्याच्यावर तिघं चालून जातात. एक तलवारवाला गडी, एक तलवारवालीच बाई आणि पांढऱ्या दाढीचा, कुऱ्हाडवाला बुटका. तलवारवाल्याची आई, बाईचे आईबाप आणि बुटक्याचा भाऊ, सगळे त्या ॲडरनंच मारलेले.

"म्हणजे भाऊबंदकी नाही, खराखुरा सूड," काकू समाधानानं म्हणाल्या. "अन बाईचे कपडे? धुणंवाली काहीतरी वेगळंच म्हणायली."

"कपडे बेताचेच. पण त्या गड्याच्या अंगावरही लंगोटाएवढंच कापड आहे."

"मग चालतंय. परभणीच्या मे महिन्यात तेच शहाणपणाचं. पण सासूला मारायचं काय कारण?"

खरी गोम तिथंच आहे. दोघं मिळून खेळत असले तरी एकाचा वार दुसऱ्याला लागतो. गर्दीत तलवार फिरवली की राक्षसाबरोबर सोबतीही आडवा. बनवणाऱ्याला ते टाळता आलं असतं, असं पूर्वी वाटायचं. आता वाटतं, त्यानं मुद्दामच ठेवलं असणार, त्याशिवाय खेळाला चव नाही. चुकून लागलेला पहिला वार माफ असतो. दुसऱ्याला डोळे वटारले जातात. तिसरा मात्र चुकून लागलेला कधीच नसतो.

"सुनेचा कितवा होता?"

"मी होते तेव्हा चौथा. पण सासूबाईंनीही कुऱ्हाडीनं दोनदा परत दिला. गणिताच्या बाई होत्या ना, हिशोब ठेवतात."

काकूंनी भिंतीवरचं एक वाळकं पान झटकलं. त्या आता रंगात आल्या होत्या.

"अन पोरगा?"

"पोरगा बापावर गेलाय. त्यात निळ्या बाटल्या गोळा करायच्या असतात, जादूच्या. जादू केली की साठवलेल्या सगळ्या एकदम संपतात. बाईला सहा पायऱ्यांपर्यंत साठवता येतं अन शेवटी आगीचा मोठा लोळ उठतो. गड्याला चार, बुटक्याला तीनच. तर हा घेतो बाईला अन सहावी पायरी गाठेपर्यंत हात आखडून बसतो. तेवढ्यात मरतो. बाटल्या तशाच."

"त्याचा बाप एफडी मोडत नाही, आजारपणातसुद्धा," काकू म्हणाल्या. "अन बाटल्या मिळतात कुठं?"

"चोरट्या बुटक्यांकडं. टप्पा संपला की आपली माणसं शेकोटीपाशी झोपतात. तेव्हा ते येऊन आपल्याच बाटल्या पळवतात. उठून लाथा घालायच्या, बाटल्या खाली पडतात. हिरव्या चोरट्याला घातली तर खायला मिळतं."

"लाथ घालून खायला? आमच्याकडं उलटं होतं."

मग जनावरं आली. एक आग ओकणारं, एक शेपटीनं झोडपणारं. शत्रूला खाली पाडायचं अन आपण वर बसायचं. सासूबाई एकदा बसल्या त्या उतरेचनात. सून "मला द्या, मला द्या" करत मागं पळत होती. पुढं एक अख्खं गाव कासवाच्या पाठीवर वसलेलं निघतं आणि नंतर मोठ्या गरुडाच्या पाठीवर लढायचं.

"कूर्मावतार अन गरुड? आपलंच की गं सगळं!"

काकूंना काय सांगणार! बनवणारा माकोतो उचिदा जपानी, कंपनी सेगा, साल 1989. त्याच्या मनात कोनान द बार्बेरियन होता, विष्णुपुराण नव्हे. पण तेवढं क्रेडिट काकूंनी परभणीला दिलं तर माझं काय जातंय.

"अन तुला एवढं कुठून येतं? पोरी कुठं जात होत्या त्या गेमच्या दुकानात?"

नव्हत्याच जात. तिथं पोरं चवड्यावर उभी राहून 'मुस्तफा' खेळायची. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', पण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात ज्यांच्याकडं गेमचा डबा होता त्यांच्याकडं मारिओ अन काँट्रा. त्या डब्यात सेगाची कॅसेट बसतच नसे. माझ्या आत्याचे यजमान मस्कतला होते, त्यांनी सेगाचा मेगा ड्राइव्ह आणला. उन्हाळ्याच्या सुट्टीत गंगाखेडला आत्याकडं आम्ही सहा भावंडं अन रिमोट दोन. त्यात लाइट जायची. ॲडरच्या दारात पोचावं अन पंखा थांबावा! त्या वेळी आत्यासुद्धा शिव्या द्यायची.

"इथं मिळत नव्हता का?"

"1995 मध्ये इथंही आला, काकू. परदेशातून आणला तर 80 टक्के कर, म्हणून सेगानं इथल्या कंपनीशी करार केला. तरी किंमत 18,000. तेवढ्यात घरात रंगीत टीव्ही यायचा. कोण घेतंय? अन कंपनी कोणती माहितीये? शॉ वॉलेस."

काकू ताठ झाल्या. त्यांचा भाऊ एक्साइजमध्ये होता, त्यामुळं ही नावं त्यांना पाठ. "ती दारूवाली?"

"तीच."

"म्हणून बाटल्या!"

यावर उत्तर नव्हतं. गेम तर करार होण्याच्या सहा वर्षं आधीचा, पण काकूंच्या तर्काला सालं आडवी येत नाहीत.

खरं सांगायचं तर 'गोल्डन ॲक्स'चं दुकानातलं यंत्र मोठं अन घरचा डबा छोटा, तरी दोन्हीच्या पोटात 68000 याच जातीची चिप. म्हणून घरच्या कॅसेटमध्ये तो खेळ इतका जवळ उतरला. वर शेवटी एक टप्पा वाढवला, डेथ ब्रिंगर नावाचा आणखी एक शत्रू घातला अन दोघांनी एकमेकांशीच लढायची वेगळी सोयही केली. दुकानातल्या गेमचा शेवट मात्र न्यारा. राक्षस अन त्यांच्यामागं आपली माणसं यंत्रातूनच बाहेर पडून रस्त्यावर पळत सुटतात. घरच्यात तो नाही, अन माझ्या मते ते नुकसानच.

"केवढी असंल गं ती कॅसेट?"

"आतला मजकूर सगळा 512 केबी. तुम्ही रोज पाठवता त्या गुड मॉर्निंगच्या फोटोएवढा."

"मग माझे फोटो कामून कुणी उघडत नाही?" काकू थोडा वेळ विचारात पडल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "दोघांनीच एकमेकांशी लढायची सोय आहे म्हणतेस. सासू-सुनेनं ती लावली का?"

"काल लावली. तिनात दोन सासूबाईंनी जिंकल्या."

"बघ, मी म्हणत नव्हते? ती बाई दिसते तेवढी गरीब नाही." काकूंना आजचा ऐवज मिळाला होता. त्यांनी पदर सावरला, जायला वळल्या अन पुन्हा भिंतीशी आल्या. "ते जाऊ दे. बँकवाल्यांकडं सकाळी गाडी थांबली होती, नांदेड पासिंगची. पोह्यांचा वास यायला. पोरीला बघायला आले असतील का गं?"