वाळवणात टाकुमार

रविवारी सकाळी सातला चिकपेटजवळच्या जुन्या बाजारात पोचलं की विक्रेत्याची भवानी व्हायची असते आणि वस्तू स्वस्तात मिळते, असा माझा समज होता. विक्रेत्याचा समज वेगळा होता. माझा चेहरा पाहूनच त्यानं किंमत ठरवली असावी. गंजके पाने, एका काडीचे चष्मे आणि मेलेले मोबाइल यांच्या ढिगातून त्यानं एक काळी लेन्स उपसली, शर्टाला पुसली आणि म्हणाला, "जर्मन माल है, सर." लेन्सच्या कडेला 'जपान' असं स्वच्छ कोरलेलं होतं. पण आमच्या सोलापुराकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्यालाही जर्मनच म्हणतात, म्हणून मी वाद घातला नाही. तीन हजार मोजले.

मराठी माणसाचा बंगळुरातला जुन्या मालाचा व्यवहार काही आजचा नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी अख्खं बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाखांना द्यायचा सौदा केला होता. आज तेवढ्यात इथे फ्लॅटचं डिपॉझिट भागलं तर भागलं. तेव्हा आपण विकणारे होतो, आता मी घेणारा झालो, फरक तेवढाच.

लेन्स होती असाही पेंटॅक्सची सुपर टाकुमार, ५० मि.मी., एफ १.४. रिळाच्या जमान्यातली, बरणीच्या झाकणासारखी आटे फिरवून बसवायची. माझा कॅमेरा डिजिटल, बिनआरशाचा. त्याला आटे नाहीत. मध्ये अडॅप्टर लागतो. तो चौदाशे रुपयांना आला आणि बायकोनं त्यातून आरपार माझ्याकडे पाहिलं.

"यात काच कुठंय?"

"काच नसते. जुन्या कॅमेऱ्यात लेन्सची बैठक फिल्मपासून ४५.४६ मि.मी. लांब असायची. माझ्या कॅमेऱ्यात सेन्सरपासून १८ मि.मी. आहे. उरलेलं अंतर ही नळी भरून काढते."

"म्हणजे आत काय आहे?"

"हवा."

"चौदाशेची?"

बंगळुरात चौरस फुटाचा भाव बघता साडेसत्तावीस मिलिमीटर हवा चौदाशेला महाग नव्हती, पण हा मुद्दा मला रात्री सुचला. खरं तर अडॅप्टर ही या गावाचीच वस्तू. बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकतो आणि म्हणतो, "स्वल्प अडजस्ट माडी." नळीही दोघांना तेच सांगते.

कॅमेऱ्याला मात्र हे पटलं नाही. टाकुमारला विजेचे संपर्कबिंदू नाहीत, त्यामुळे समोर पाव किलोच्या आसपास वजनाची काच लटकत असूनही पडद्यावर ठाम मजकूर: लेन्स जोडलेली नाही. मेनूच्या तळघरात 'लेन्सशिवाय फोटो काढू द्या' अशी एक सोय असते, ती चालू केली. तेव्हापासून माझे सगळे फोटो सरकारी नोंदीप्रमाणे लेन्सशिवाय काढलेले आहेत.

फोकस हातानं करायचा. कड्या फिरवून तो जमेपर्यंत मुलगी फ्रेमबाहेर, कुत्रं शेजारच्या गल्लीत आणि बायको स्वयंपाकघरात. शेवटी मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळासमोर नंदीतीर्थ आहे, तिथे गेलो. दगडी नंदीच्या मुखातून खाली पिंडीवर पाण्याची धार पडते. नंदी हलत नाही. त्याचे चाळीस फोटो काढले. (काडू मल्लेश्वराचं देऊळही व्यंकोजीराजांचंच, माणूस गाव विकण्याआधी ते बांधूनही गेला.) फोटो सुरेख आले, फक्त नंदीला कावीळ झाली होती.

कारण या लेन्सच्या एका भिंगात थोरियम असतं. प्रकाश जास्त वाकावा आणि रंग कमी फाकावेत म्हणून त्या काळी काचेत मिसळायचे. थोरियम किरणोत्सारी, त्याच्या माऱ्यानं काच वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. वापरणाऱ्याला तसा धोका नाही, हे मी बायकोला तीन वेळा सांगितलं. तिनं 'किरणोत्सारी' एवढंच ऐकलं आणि लेन्स बेडरूममधून गच्चीच्या जिन्यात गेली. शिवाय ती इंजिनिअर. "कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स असतो. एक बटण दाब, पिवळेपणा जाईल," म्हणाली. हे खरं होतं, म्हणून मी ऐकलं नाही.

दुसरा उपाय ऊन. अतिनील किरणांनी हा पिवळेपणा हळूहळू उतरतो. मे महिना होता, आई सोलापूरहून आली होती आणि गच्चीवर तिच्या कुरडयांचं वाळवण चाललं होतं. त्याच चादरीच्या कोपऱ्यात चांदीचा कागद अंथरून, मागची काच सूर्याकडे करून टाकुमार ठेवली. आई माकडांसाठी काठी घेऊन बसायची, हिलाही राखू लागली.

"हा टाकूकुमार कोण?" तिनं विचारलं.

मी सांगितलं की कंपनी काढणाऱ्याचा भाऊ चित्रकार होता, टाकुमा काजिवारा, त्याच्यावरून लेन्सचं नाव पडलं.

"बघ. भावाचं नाव दिलं भिंगाला. तू धाकट्याला फोन तरी कधी केलास?"

मी कुरडया उलटायला लागलो.

पण बंगळूरचा मे म्हणजे सकाळी ऊन दाखवायचं आणि दुपारी चारला ढग आणायचे. रोज चादर गोळा करून जिन्यात पळापळ. कुरडया आतून दमट, टाकुमार जशीच्या तशी. आठव्या दिवशी आईनं आभाळाकडे बघितलं आणि निकाल दिला, "याला ऊन म्हणतात होय? यात माणूसही वाळायचा नाही." परत जाताना तिच्या पिशवीत अर्धवट कुरडया होत्या आणि मुलीच्या जुन्या मोज्यात गुंडाळलेली लेन्स.

सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडून बसलेला होता. धाकट्याची गच्ची पत्र्याला लागून. मृग लागायच्या दोन दिवस आधी, वर्षभरात पहिल्यांदा, त्याचाच फोन आला.

"दादा, भिंग पांढरं झालं बघ. आई विचारतीय, अजून एक ऊन दाखवू का?"