चोरांचा चित्रगुप्त

मुलगी देताना मुलाची माहिती काढायची आपल्याकडे रीत आहे. आमच्या आबांनी पगार, पत्रिका, पिणं, सगळ्याची कसून चौकशी केली होती. 'मुलगा रात्री हेडफोन लावून चोरांची रेडिओ स्टेशनं ऐकतो का?' हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी आबा म्हणाले असते, "ऐकतोच आहे ना, चालवत तर नाही!" अमेरिकेचा कायदाही नेमकं हेच म्हणतो. परवाना न काढता स्टेशन चालवणाऱ्याला २०२० च्या कायद्याने दिवसाला एक लाख डॉलरपर्यंत आणि एकूण वीस लाखांपर्यंत दंड ठरवला. ऐकणाऱ्याला काही होत नाही. जे व्हायचं ते त्याच्या बायकोला होतं.

या प्रकाराला पायरेट रेडिओ म्हणतात, आणि सुरुवातीचे बरेच चाचे खरोखरच समुद्रात होते. १९६४ च्या ईस्टरला रोनन ओ'राहिली नावाच्या आयरिश तरुणाने जहाजावर ट्रान्समीटर चढवला, इंग्लंडच्या कायद्याचा हात जिथे संपतो तिथे, किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडे नांगर टाकला आणि रेडिओ कॅरोलाइन सुरू केलं. बीबीसीवर रेकॉर्डी किती वेळ वाजवायच्या याचं रेशन होतं आणि पोरांना दिवसभर गाणी हवी होती. हे दुखणं आपल्याला नवीन नाही. पुण्यात जन्मलेले केसकर नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झालं आणि अख्खा देश रेडिओ सिलोनला जाऊन बसला. इंग्रजांचं सिलोन म्हणजे रेडिओ लक्झेंबर्ग, पण त्याची इंग्रजी गाणी संध्याकाळनंतरच लागायची. दिवसा काय करायचं? म्हणून जहाज. १९६७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कायदा करून जहाजांचं दाणापाणी आणि जाहिराती तोडल्या. सप्टेंबर संपता संपता बीबीसीने स्वतःच रेडिओ वन काढलं आणि त्याच चाच्यांपैकी काहींना नोकरीवर घेतलं. चाच्यांवर याहून चांगला तोडगा मी तरी पाहिलेला नाही.

आमच्या न्यू जर्सीच्या घरात येतात ते चोर बोटीवाले नाहीत. ते कुठल्यातरी तळघरात बसून शॉर्टवेव्हवर अर्धा-पाऊण तास गाणी लावतात, खोट्या जाहिराती ऐकवतात, सरकारची टिंगल करतात आणि कुणी माग काढायच्या आत गुल होतात. ताकद बहुतेक वेळा वीस-पंचवीस वॅट, म्हणजे फ्रीजमधल्या बल्बाएवढी. पण शिस्त पाहा! आकाशात एवढी मोकळी जागा पडलेली असताना बहुतेक सगळे येणार ६९२५ किलोहर्ट्झवर नाहीतर तिच्या अल्याडपल्याड, आणि तेही शनिवार-रविवार, नाताळ, नववर्ष, हॅलोवीन पाहून. कायदा मोडायचा तोही ठरल्या जागी, ठरल्या वारी.

आता ऐकणाऱ्याची बाजू. आमचे हे ऐकतात म्हणजे काय करतात? मागच्या दारापासून मेपलच्या झाडापर्यंत एक तार ताणली आहे. तिच्यावर मी एकदा पंचा वाळत घातला, तर सिग्नल पडला म्हणून दोन दिवस अबोला. ती तार एका जुन्या रिसीव्हरमध्ये शिरते, रिसीव्हरमधून खरखर निघते आणि हे ती खरखर वहीत लिहून घेतात. वेळ, फ्रिक्वेन्सी, ऐकू आलेलं गाणं, हसण्याचा आवाज, पुन्हा खरखर. मग पाच आकड्यांचा शेरा: जोर किती, दुसऱ्याची लुडबुड किती, आकाशाचा गोंगाट किती, चढउतार किती, एकंदर किती. पाचाला पाच म्हणजे उत्तम. आमच्या वहीत दोनाच्या वर सहसा कुणी जात नाही. मुलांच्या प्रगतिपुस्तकावर याच गृहस्थांनी कसा थयथयाट केला होता ते मला आठवतं.

वेळ लिहायची ती यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. त्यामुळे हिवाळ्यात शनिवारी संध्याकाळी सात वाजताच यांच्या वहीत रविवार लागतो. शनिवारचा उपवास सात वाजता सोडायला त्यांनी हे कारण एकदा पुढे केलं होतं.

वही भरली की ती छापायला जायची. होय, छापायला! १९८२ साली अशा श्रोत्यांनी आपली संघटना काढली, तिचं बातमीपत्र टपालाने यायचं. 'पॉप्युलर कम्युनिकेशन्स' या मासिकात चाच्यांवर एक सदर असे आणि त्याच्या लेखकाने टोपणनाव घेतलं होतं एडवर्ड टीच, म्हणजे साक्षात ब्लॅकबिअर्ड! त्याशिवाय एक वार्षिक डिरेक्टरी निघे. गेल्या वर्षी कुठलं बेकायदा स्टेशन कोणत्या दिवशी, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर ऐकू आलं याची त्यात जंत्री. पोलिसांनासुद्धा चोरांची इतकी नीटनेटकी यादी कुणी करून दिली नसेल. २०१३ साली ते मासिक बंद पडलं तेव्हा आमच्याकडे सुतक पाळल्यासारखं वातावरण होतं.

चोरांना पत्रही जायचं. चोराचा पत्ता अर्थातच गुप्त, म्हणून मध्ये तिसऱ्याच माणसाची टपालपेटी. पत्रात कार्यक्रमाचा तपशील लिहायचा, सोबत तीन तिकिटं घालायची. तो माणूस एक तिकीट लावून पत्र चोराकडे धाडायचा, चोर दुसरं लावून उत्तर द्यायचा, तिसरं त्या मधल्याच्या पदरात. तिघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसायचं, तरी महिन्या-दोन महिन्यांनी पोच यायची: कवटीचं चित्र, दिलेल्या तारखेला आमचं स्टेशन ऐकल्याचा दाखला, खाली खोटी सही. इथल्या एका मंडळाकडून मला अजून वर्गणीची पावती मिळालेली नाही.

नव्वदच्या सुमाराला यांनी पकडलेल्या एका स्टेशनचं नाव होतं 'व्हॉइस ऑफ द रनअवे महर्षी'. सासूबाई तेव्हा इथे आलेल्या. पळून गेलेल्या महर्षींचा आवाज आलाय, असं यांनी उत्साहाने सांगितल्यावर त्यांनी हातातली जपमाळ थांबवली. "कुठले रे महर्षी? आणि पळाले कशाला?" उत्तर लेकालाही माहीत नव्हतं, पण महर्षींचा शेरा त्याने लिहून घेतला होता: २४२२२.

खरा कहर २०२४ साली झाला. आमच्या इथे लक्ष्मीपूजन आलं ३१ ऑक्टोबरला, म्हणजे बरोब्बर हॅलोवीनला, आणि ती रात्र म्हणजे चाच्यांची पर्वणी. मी खिडक्यांना एलईडीच्या माळा सोडल्या होत्या. त्यांच्या स्वस्त अडॅप्टरांतून रेडिओवर भयंकर गूंऽऽ येतं, हे मला त्या रात्री कळलं. पूजेला बसल्या बसल्या बघते तर दिवाणखान्यातली माळ विझली. मग जिन्यावरची. मग आकाशकंदील. अंधारातून आवाज आला, "फक्त पाच मिनिटं गं, नाव सांगतोय!" लक्ष्मी दाराशी आली असेल तर घर चुकलं म्हणून पुढे गेली असेल. नाव सांगायच्या क्षणी शेजाऱ्याचं गॅरेजचं दार उघडलं, तिकडून आणखी मोठं गूंऽऽ, आणि वहीत नोंद पडली: अनोळखी.

मी हसले, तर यांनी उषा मेहतांना मध्ये आणलं. १९४२ च्या मुंबईत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवला, ४२.३४ मीटरवर. आमची ६९२५ म्हणजे ४३ मीटर, तेव्हा शेजारचंच बिऱ्हाड. नोव्हेंबरात धरपकड झाली आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा. ते स्टेशन काय बोलत होतं हे आज वाचायला मिळतं, कारण कुणीतरी रोज कान लावून ते लिहून घेत होतं. "ऐकणारा नसता तर इतिहास उरला असता का?" हे म्हणाले. मी विचारलं, "लिहून कोण घेत होतं?" जरा वेळाने उत्तर आलं, "पोलीस."

कुणाला हौस असेल तर अमेरिकेच्या पूर्व भागात शनिवारी रात्री ६९२५ लावून बघा. माळा आधी विझवा आणि वेळ यूटीसीत लिहा. स्थानिक वेळ लिहिली तर चोर पावती देत नाहीत.