कुलूप बँकेचं, किल्ली चौकात

बँकेकडून दर महिन्याला ई-मेल येतो. सोबत खात्याचं स्टेटमेंट, स्टेटमेंटला कुलूप, आणि कुलपाशेजारीच ते उघडायची कृती: आपल्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये, पुढे जन्माचा दिवस आणि महिना. वाचणारा गोंधळू नये म्हणून खाली उदाहरणही सोडवून दिलेलं असतं. सगळ्याच बँका असं करत नाहीत. काही मोबाइलचे शेवटचे आकडे जोडायला लावतात, काही ग्राहक क्रमांक मागतात, आणि ते त्यातल्या त्यात बरं. पण नाव आणि जन्मतारीख ही जोडी आपल्याकडे इतकी रुळली आहे की ई-आधारची फाइलही नावाची चार अक्षरं आणि जन्मवर्ष टाकलं की उघडते. शेअर आणि म्युच्युअल फंडांचा जो एकत्रित उतारा ई-मेलने येतो, त्याचा पासवर्ड पॅन क्रमांक. या पॅनच्या झेरॉक्स आपण सराफापासून सिमकार्डवाल्यापर्यंत सगळ्यांकडे आधीच पोचवलेल्या आहेत.

आता या कुलपाचा हिशेब मांडू. नाव हे गुपित नव्हेच; ते मायन्यात असतं, नाहीतर ई-मेलच्या पत्त्यात असतं. उरले दिवस आणि महिना. २९ फेब्रुवारी धरूनही वर्षाच्या तारखा होतात ३६६. म्हणजे या कुलपाला फार तर ३६६ किल्ल्या. प्रवासाच्या बॅगेला जे तीन आकडी कुलूप असतं त्याच्याही १००० जुळण्या होतात, आणि त्या बॅगेत बहुधा टॉवेल असतो. एटीएमच्या चार आकड्यांना १०,००० शक्यता असतात, शिवाय तीनदा चुकलात की कार्ड अडकतं. ई-मेलने आलेली फाइल मात्र चुका मोजत नाही. ती एकदा चोराच्या संगणकावर उतरली की तो तिला ३६६ वेळा विचारू शकतो, आणि संगणकाला त्यासाठी चहा संपेपर्यंतही थांबावं लागत नाही. महाराष्ट्रात तर एवढेही कष्ट नकोत. ज्याला समाजकार्याची थोडीशीही आवड आहे त्याचं नाव आणि वाढदिवस फोटोसकट चौकातल्या फ्लेक्सवर झळकत असतात, तेही शुभेच्छुकांच्या खर्चाने. उरली ती जुनी पिढी, जिची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहून टाकली. त्या पिढीच्या बाबतीत चोराने पहिल्या प्रयत्नात ०१०६ टाकून पाहावं. महिन्याचं पेन्शन कुठे जातं ते समोर येईल.

यावर बँकांचं उत्तर ठरलेलं आहे: अवघड पासवर्ड ठेवला तर ग्राहक विसरतात, ज्येष्ठ नागरिकांची पंचाईत होते. मुद्दा खोटा नाही. पण आज हे कुलूप नेमकं कोणाला अडवतं ते पाहा. आपल्याकडे कागदोपत्री नाव कधी आडनावापासून सुरू होतं, कधी स्वतःच्या नावापासून. खातं उघडताना कारकुनाने कोणता क्रम लावला हे खातेदाराला आठवत नाही. तो बिचारा स्वतःच्याच नावाची चार अक्षरं टाकतो आणि फाइल त्याला ओळखत नाही. जिचं नाव उमा, तिची इंग्रजीत तीनच अक्षरं भरतात. चौथं कुठून आणायचं यासाठी वेगळी सूचना शोधावी लागते. चोराला दोन्ही क्रम लावून बघायला काहीच हरकत नसते. एकूण काय, कुलपापाशी अडून बसतो तो मालक.

दुसरा आक्षेप साध्या माणसाचा: माझ्या खात्यात आहेच काय, बघेना कोणी! शिल्लक कोणी बघत नाही हे खरं, पण स्टेटमेंट म्हणजे शिल्लक नव्हे. यूपीआय आल्यापासून त्यात माणसाचा दिवसक्रम छापून येतो: सकाळी दूध कोणाकडून, औषधं कोणत्या दुकानातून, डॉक्टर कोणते, कर्जाचा हप्ता किती तारखेला आणि तो एकदा परत गेला होता का. भामट्याला एवढंच हवं असतं. ‘बँकेतून बोलतोय’ असं म्हणणाऱ्यावर लोक आता चटकन विश्वास ठेवत नाहीत. पण जो पाच तारखेच्या हप्त्याची रक्कम पैशांसकट सांगतो, त्याला ‘बोला साहेब’ म्हणतात. आणि बँक झाकते काय, तर खाते क्रमांक. ई-मेलमध्ये त्याचे शेवटचे चार आकडे सोडून बाकी फुल्या. जो क्रमांक आपण पैसे मिळावेत म्हणून स्वतःहून लोकांना देतो आणि जो प्रत्येक चेकवर छापलेला असतो, त्याला बुरखा. आणि डॉक्टरचं नाव ३६६ किल्ल्यांच्या भरवशावर.

कागदी पाकीटच बरं होतं, असंही म्हणायची सोय नाही. सोसायटीतल्या बिनझाकणाच्या पेटीतून ते रद्दीत आणि रद्दीतून भेळेच्या पुड्यात जायचं. दुसऱ्याचं टपाल फोडणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याला १८९८च्या कायद्यात निदान शिक्षा सांगितली होती. त्याच्या जागी आलेल्या २०२३च्या कायद्यात तीही नाही.

मग हे कुलूप आहे तरी कशासाठी? ते बँकेसाठी आहे. उद्या काही झालं तर ‘फाइल पासवर्डने सुरक्षित होती’ हे वाक्य लिहिता यावं म्हणून. त्याच ई-मेलच्या तळाशी, हा मजकूर आपल्यासाठी नसल्यास कृपया वाचू नये आणि नष्ट करावा, अशी चोराला विनंती असते. दोन्ही एकाच फाइलिंग कॅबिनेटमधून आलेली आहेत. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि मुख्य बंधनं लागू व्हायला दीड वर्ष दिलं गेलं. तेव्हा ‘वाजवी’ म्हणजे किती किल्ल्या, यावर वकिलांची चांगली सोय होईल. खरा उपाय महाग नाही. ई-मेलने फक्त ‘स्टेटमेंट तयार आहे’ एवढंच कळवावं आणि कागद ॲपमध्ये, चुका मोजणाऱ्या दाराआड ठेवावा. ज्याला फाइलच हवी त्याला पासवर्ड स्वतः ठरवू द्यावा. ज्या आजोबांना यातलं काहीच नको त्यांना शाखेत पासबुक भरून द्यावं, कुरकुर न करता. एवढ्या बँकांना हे एकदम कसं जमणार, असं कोणी विचारील. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ची तारीख घालून दिल्यावर बँकांना आपापल्या संकेतस्थळांचे पत्ते बदलून नव्या ‘डॉट बँक डॉट इन’वर जावंच लागलं. इथेही एक परिपत्रक आणि एक तारीख पुरेल. तारीख १ जून ठेवावी. महाराष्ट्रात ती कोणाला वेगळी पाठ करावी लागणार नाही.