हजेरीपटावरची भुतं

मराठी भुतांमध्ये बेशिस्त खपत नाही. मुंज झाली, सोडमुंज व्हायची राहिली आणि बटू गेला, तर मुंजा, मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात गेलेली बाई ती हडळ. वाट चुकवतो तो चकवा, पाण्यात ओढतो तो गिऱ्हा. खातेवाटप इतकं चोख, की गिऱ्ह्याने पिंपळावर अतिक्रमण केल्याचं कुणी ऐकलेलं नाही. तळकोकणातला देवचार तर गावाची हद्द राखतो, रात्री-अपरात्री चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो, असं सांगतात. मोबदला काय, तर एखादा कोंबडा नि नारळ. महागाई भत्त्याचा विषय नाही.

अशा नियमबद्ध भुतांच्या गोष्टी ऐकत वाढलेला मराठी माणूस पुढे भयकथेचा शौकीन झाला, यात नवल नाही. मात्र त्याला ‘तुमचा भुतांवर विश्वास आहे का?’ असं विचारू नये. तो दुखावतो. विश्वास असलेला माणूस मांत्रिकाकडे जातो; त्याला पुस्तक वाचायला सवड कुठे? भयकथा वाचतो तो विवेकवादी. दिवसा तो २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याची बाजू हिरिरीने मांडतो आणि रात्री दीडला तहान लागली की स्वयंपाकघरापर्यंतचे सगळे दिवे लावत जातो. खरी परीक्षा परतताना असते. एकेक दिवा विझवायचा, झटकन पुढच्या उजेडात शिरायचं, पण धावायचं नाही. धावलं, की आपण घाबरलोय हे आपल्यालाच कळतं. प्रस्तुत लेखक याच पंथातला.

गंमत अशी, की या पंथाला घाबरवणारेही बहुतेक मस्टरवर सही करणाऱ्यांतलेच. रत्नाकर मतकरींनी बँक ऑफ इंडियात वीस वर्षं नोकरी केली. त्यांच्या गूढकथांत सुळे आणि कवट्या फारशा नाहीत. शेजारी आहेत, नातेवाईक आहेत, निरागस दिसणारी मुलं आहेत. बँकेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ठाऊक असणारच, की घाबरावं असं जे काही आहे, ते बहुधा नीट भांग पाडून, हातात पासबुक घेऊन समोर उभं असतं.

नारायण धारप विज्ञान शाखेचे पदवीधर. त्यांनी स्टीफन किंगची अमेरिकन भुतं उचलून आणली आणि इथे त्यांची रीतसर मुंज लावली. ‘सालेम्स लॉट’वरून ‘लुचाई’ आली. लसणाला भिणारी ती रक्तपिपासूंची विलायती जमात. आमच्याकडे घरोघरी लसणाची चटणी, म्हणजे काम मुळातच अवघड! समीक्षकांनी याला उसनवारी म्हटलं, आणि ती होतीच. पण धारपांची भीती मात्र अस्सल देशी होती. सरळमार्गी कुटुंब, नवी घेतलेली जागा, एक बंद खोली आणि नको तितकी कमी किंमत. पुण्यात जागा स्वस्तात मिळणं हीच खरं तर पहिली अमानवी घटना; पुढचं सगळं त्यामानाने पटण्यासारखं. प्रकरण फारच हाताबाहेर गेलं, की त्यांच्या कथांतले ‘समर्थ’ येतात आणि सगळं शांतपणे मार्गी लावतात. आरडाओरडा नाही, कवट्या फोडणं नाही. वरिष्ठ कार्यालयातून तपासणीला साहेब आल्यासारखं.

हिंदीत रामसे बंधूंनी हा घरचाच धंदा केला. वडील फतेहचंद यांचं मुंबईत लॅमिंग्टन रोडला रेडिओचं दुकान होतं. त्यांचा १९७०चा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ पडला. पण मुलांच्या लक्षात आलं, की पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरीला येतात तेवढ्या प्रसंगासाठी लोक तिकीट काढताहेत. मग उरलेला सिनेमा हवाच कशाला? १९७२च्या ‘दो गज ज़मीन के नीचे’साठी अख्खं बिऱ्हाड महाबळेश्वरला गेलं. लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, संकलन अशी कामं सात भावांत वाटलेली. सगळ्या युनिटचं जेवण घरच्या बायकांकडे. प्रेताला रंग फासून झाला, की त्यालाही पंगतीला बसायचं असणार. पुढे १९८४च्या ‘पुराना मंदिर’मधल्या सामरीने पोरांची झोप उडवली. सामरी झालेला अनिरुद्ध अगरवाल शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर! पोरांना हे तेव्हा कळतं, तर ती अधिकच घाबरली असती. कारण आई-बाप त्यांना तेच व्हायला सांगत होते.

आणि हिंदी पडद्यावरच्या भुतांचा गळा तर मराठीच. १९४९च्या ‘महल’मधल्या गाण्यासाठी संगीतकार खेमचंद प्रकाश यांना स्वर दुरून जवळ येतोय असा भास हवा होता. आजच्यासारखी यंत्रं नव्हती. मग माइक स्टुडिओच्या मधोमध ठेवला आणि जेमतेम विशीतल्या लता मंगेशकरांना कोपऱ्यात उभं केलं. गात गात एकेक पाऊल पुढे टाकायचं आणि मुखड्याला नेमकं माइकपाशी पोचायचं. श्वास सांभाळायचा, ताल सांभाळायचा आणि पावलांचा आवाज होऊ द्यायचा नाही. एवढी तालीम कुठल्या खऱ्या हडळीने केली असेल? रेकॉर्डवर नाव मात्र छापलं पात्राचं, ‘कामिनी’. पुढे ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वह कौन थी’ (१९६४) आले. धुकं, पांढरी साडी आणि लतादीदी असा संचच ठरून गेला. शेवटी ‘महल’मधलं भूत माळ्याची मुलगी निघते आणि ‘वह कौन थी’त सगळा बनाव इस्टेटीसाठी केलेला असतो. भावकीत राहिलेल्या मराठी प्रेक्षकाला हे आधीच कळलेलं असतं, तरी तो शेवटपर्यंत बसतो.

बसतोच, कारण मराठी माणूस भुताला फार काळ परकं ठेवत नाही. महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) रामदास पाध्यांनी घडवलेला बाहुला तात्या विंचू आला आणि पोरं रात्री बाहुल्यांची तोंडं भिंतीकडे करून झोपू लागली; आज तीच पोरं आपल्या पोरांना तात्याची नक्कल करून दाखवतात. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली तेव्हा कोकणची बदनामी होतेय म्हणून सिंधुदुर्गात ओरड झाली. पुढे मालिकेतल्या आकेरीच्या वाड्यापुढे पर्यटक फोटो काढायला येऊ लागले.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’चं मूळही धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे, आणि ‘आजी’चं मूळ पुन्हा किंगकडे. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. २०१८मध्ये सिनेमा बेताचा चालला. २०२४मध्ये तोच पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. त्याच वर्षी आदित्य सरपोतदारांच्या ‘मुंज्या’ने शंभर कोटींचा गल्ला जमवला. इतकी वर्षं पिंपळावर बसून असलेल्या त्या पोराची मागणी तरी काय? लग्न लावून द्या. घरोघरी हेच चाललंय.

नव्याने या पंथात येणाऱ्यांनी मतकरींपासून सुरुवात करावी, मग धारप. फक्त लायब्ररीतून जुनी प्रत घेताना शेवटची पानं जागेवर आहेत ना, ते काउंटरवरच बघून घ्यावं. ती पुष्कळदा गायब असतात, आणि तिथे समर्थांचंही काही चालत नाही.