घसरत घसरत इंग्रजी

इंग्रजी बोलता यावे म्हणून मराठी माणसाने काय काय केले नाही? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोटल्या, कपिलदेवचे छायाचित्र असलेले रॅपिडेक्स उशाशी घेतले, इंग्रजी बातम्या मोठ्याने वाचून घरच्यांना जेरीस आणले. तरीही समोर गोरा माणूस उभा राहिला की तोंडातून ‘येस, येस’च्या पलीकडे काही निघत नाही. आमच्या मते दोष व्याकरणाचा नाही, जमिनीचा आहे. आपण इंग्रजी शिकतो ते सपाट जमिनीवर. तिथे विचार करायला वेळ मिळतो. कर्ता सापडतो, त्याला क्रियापद जुळते, काळ कोणता लावावा यावर मनातल्या मनात परिसंवाद झडतो, आणि वाक्य तयार होईपर्यंत समोरचा माणूस घरी जाऊन जेवलेला असतो.

यावर उपाय एकच. इंग्रजी उतारावर शिकावे. उतार बर्फाचा असावा आणि दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असावेत. या अध्यापनपद्धतीला स्नोबोर्डिंग म्हणतात. गरजूंसाठी संपूर्ण अभ्यासक्रम खाली दिला आहे.

स्थळ व शिक्षक

कॅनडातले व्हिसलर उत्तम. व्हँकुव्हरहून हायवे ९९ ने साधारण १२० किलोमीटर. नोकरीनिमित्त व्हँकुव्हर-सरे भागात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना तर ते सकाळी जाऊन रात्री परतण्याजोगे. इंग्रजी शिकायचे ते लंडनलाच, असा ज्यांचा हट्ट असेल त्यांनीही निराश होऊ नये. या डोंगराचे जुने नाव लंडन माउंटन असेच होते. पुढे तिथल्या शीळ घालणाऱ्या मारमॉट नावाच्या गुबगुबीत प्राण्यांवरून व्हिसलर हे नाव पडले.

शिक्षक बहुधा कॅनडाचा नसतो. हिवाळ्यात इथे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटनमधली तरुण मुले कामाला येतात. ऑस्ट्रेलियन इतके की गावाला थट्टेने ‘व्हिसट्रेलिया’ म्हणतात. म्हणजे एकाच शुल्कात तीन-चार देशांचे उच्चार पदरात पडतात. शिक्षक तुमच्या निम्म्या वयाचा असेल आणि तुम्हाला ‘मेट’ म्हणेल. त्याला ‘सर’ म्हणू नये, तो दचकतो.

प्रवेशपरीक्षा

ही भाड्याने सामान देणाऱ्या दुकानातच होते. वजन पौंडांत विचारतात, उंची फुटांत. कॅनडाने मेट्रिक पद्धत स्वीकारली आहे, ही माहिती काउंटरवरच्या मुलाला देण्यात अर्थ नाही. मग खरा प्रश्न येतो: ‘रेग्युलर ऑर गूफी?’

मराठी माणूस छातीठोकपणे ‘रेग्युलर’ म्हणतो. वीजबिल वेळेत, विम्याचा हप्ता वेळेत, आपण रेग्युलर नाही तर कोण? इथे थांबावे. डावा पाय पुढे ठेवणारा रेग्युलर आणि उजवा पुढे ठेवणारा गूफी, एवढाच अर्थ. ठरवण्याची रीतही सोपी आहे. मुलगा बोलता बोलता मागे येतो आणि हलकेच ढकलतो. तोल सावरायला जो पाय आपसूक पुढे पडतो, तो तुमचा पुढचा. ‘अहो, धक्का काय देता!’ असे मराठीत ओरडल्यास गुण कापले जात नाहीत. शब्दकोशात गूफीचा अर्थ वेंधळा असा सापडेल. तो मनाला लावून घेऊ नये. दुपारपर्यंत तो उजव्या-डाव्या सर्वांनाच लागू होतो.

कानटोपीला इथे ‘टूक’ म्हणतात. पण टूक घरी ठेवा, डोक्यावर हेल्मेट हवे. कारण पुढे येईल.

धडा पहिला: आज्ञार्थ

आपल्या शाळेत वर्तमानकाळापासून सुरुवात करतात, ही मूळ चूक. उतारावरचे इंग्रजी निव्वळ आज्ञार्थी असते. ‘बेंड युअर नीज!’ ‘लुक अप!’ ‘वेट ऑन युअर फ्रंट फूट!’ वाक्यात कर्ता नाही. तो खाली बर्फात पडलेला असतो.

आरंभ बनी हिलवर, म्हणजे बालवाडीच्या उतारावर होतो. वर नेण्यासाठी मॅजिक कार्पेट नावाचा सरकता पट्टा असतो. त्यावर तुमच्या पुढे-मागे चार वर्षांची मुले असतात आणि ती तुमच्याहून चांगले इंग्रजी बोलतात. दोन्ही गोष्टी सोसाव्यात.

वर पोचल्यावर बोर्डाची मागची कड, म्हणजे हील एज, बर्फात रुतवून दरीकडे तोंड करून उभे राहायचे आणि आडवे आडवे डुलत उतरायचे. याचे नाव ‘फॉलिंग लीफ’. नाव काव्यात्म आहे, दृश्य तसे नसते. गुडघे वाकलेले, बूड मागे, हात हवेत, आणि मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे एकटक पाहणे चाललेले. शिक्षक ओरडतो, ‘डोंट लुक ॲट युअर फीट!’ या वाक्याचे मनात भाषांतर करू लागाल तर तेवढ्यात बोर्ड सपाट होतो, दरीकडची कड बर्फात अडकते, बोर्ड जागीच थांबतो आणि तुम्ही पुढे जाता. याला ‘कॅचिंग ॲन एज’ म्हणतात. दरीकडे तोंड असेल तर तोंडावर, पाठ असेल तर पाठीवर आणि डोक्याच्या मागच्या बाजूवर. हेल्मेट त्यासाठी. दुसऱ्या वेळेपासून भाषांतर बंद होते. आज्ञा कानातून थेट गुडघ्यात जाते. हेच या अभ्यासक्रमाचे सार आहे, बाकी सगळा तपशील.

धडा दुसरा: शरीराचे अवयव

हा धडा आपोआप होतो. ‘टेलबोन’ म्हणजे माकडहाड, हा शब्द एकदा कळला की जन्मभर विसरत नाही. ‘रिस्ट’ मात्र पुस्तकातूनच शिकावा. नवशिक्यांना सर्वाधिक दुखापत मनगटाला होते, कारण पडताना माणूस पंजे पसरतो. मुठी आवळून कोपरापुढच्या हातावर पडावे आणि रिस्ट गार्ड बांधावेत. तरीही काही झालेच तर लाल जाकिटातली स्की पेट्रोलची मंडळी येऊन विचारतात, ‘व्हेअर डझ इट हर्ट?’ अशा वेळी बोट दाखवणे पुरे. पूर्ण वाक्यात उत्तर द्या अशी अट नसते.

धडा तिसरा: विशेषणे

बर्फ एकच नसतो. ताजा भुसभुशीत तो ‘पावडर’. रात्री यंत्र फिरवून रेघा रेघांचा केलेला ‘कॉर्डरॉय’, हुबेहूब जुन्या विजारीच्या कापडासारखा. दुपारी वितळलेला ‘स्लश’. रात्रभर हिमवृष्टी होऊन सकाळी आभाळ निळेशार निघाले की ‘ब्लूबर्ड डे’. पक्षी शोधू नये. कोणी तुमच्याकडे पाहून ‘सिक!’ म्हटले तर अमृतांजन काढू नये, ती शाबासकी आहे. तुम्ही पडलात आणि टोपी एकीकडे, गॉगल दुसरीकडे, हातमोजा तिसरीकडे गेला की लोक ‘यार्ड सेल!’ असे ओरडतात. सामान आपलेच आहे, विकायचे नाही.

शाकाहारींसाठी खास सूचना. हवेत उडी मारून बोर्ड हाताने पकडण्याच्या प्रकारांत एकाचे नाव ‘रोस्ट बीफ’ आणि दुसऱ्याचे ‘चिकन सॅलड’ आहे. दोन्ही एकादशीला चालतात.

धडा चौथा: संभाषण

चेअरलिफ्टच्या बाकावर अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून काही मिनिटे काढावी लागतात आणि उठून जाण्याची सोय नसते. संभाषणाचा असा वर्ग पुण्यातही नाही. ‘सिंगल्स लाइन’ अशी पाटी दिसली तर बिचकू नये. ती वधूवर सूचक मंडळाची रांग नव्हे. एकट्या माणसांनी रिकाम्या जागा भराव्यात म्हणून ती असते. शेजारी विचारतो, ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ उत्तर एका वाक्यात द्यावे. ‘राहायला ठाण्याला, पण मूळचे आम्ही राजापूरचे’ इथून आरंभ केल्यास उतरायची जागा येते.

उतरताना मागचा पाय मोकळा असतो आणि पडणे जवळपास ठरलेले. तुम्हाला बाजूला होता यावे म्हणून लिफ्ट थांबवतात आणि मागच्या बाकांवरची सगळी जनता हवेत लोंबकळत राहते. इथे ‘सॉरी’ हा शब्द शिकून होतो. तो सढळ हाताने वापरावा. ब्रिटिश कोलंबियात २००६ पासून कायदाच आहे की माफी मागणे म्हणजे दोष कबूल करणे नव्हे. समोरचाही ‘सॉरी’ म्हणेल, मग तुम्हीच त्याच्यावर आदळलेले असलात तरी.

एक शंका व तिचे निरसन

‘पण आमचे इंग्रजी मोडके आहे,’ असे काही विद्यार्थी म्हणतात. त्यांनी या खेळाचे मूळ पाहावे. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्यांच्या पत्नीने स्नो आणि सर्फ हे दोन शब्द मोडून त्या फळीला ‘स्नर्फर’ नाव दिले. १९९८ मध्ये नागानोला हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोचला. ज्या खेळाचा पहिला शब्दच मोडतोडीतून आला, तिथे तुमचा एखादा ‘द’ राहिला म्हणून कोणी हटकणार नाही.

वार्षिक परीक्षा

(१) हिरवे वर्तुळ म्हणजे सोपा उतार, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड. ‘ब्लॅक डायमंड’च्या पाटीकडे दागिना समजून वळणारा अनुत्तीर्ण.

(२) तुमच्या पुढे, खालच्या बाजूला जो आहे त्याचा रस्त्यावर पहिला हक्क. हा नियम पुण्यात शिकलेल्या वाहनचालकांनी दोनदा वाचावा.

(३) ‘लास्ट रन’ असे कधीही म्हणू नये. शेवटची म्हणून केलेल्या फेरीतच हाड मोडते, अशी तिथली श्रद्धा आहे. आपण घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, तेव्हा हे वेगळे समजावून सांगायला नको.

(४) शेवटी हॉट चॉकलेट मागवून दिवसभराच्या पडझडीचे वर्णन भूतकाळात करावे. या वेळी काळ चुकत नाही असे दिसून येते.

शुल्क परत मिळत नाही. भारतातून पाहुणे म्हणून गेलेल्यांनी प्रवासविम्यात हा खेळ धरला आहे की नाही, ते निघण्यापूर्वी तपासावे. बाकी सूचना दोनच: वजन पुढच्या पायावर ठेवा, कारण भिऊन मागे रेललात तर बोर्ड वळत नाही, आणि वाक्य पूर्ण जुळण्याआधी तोंड उघडा.