पात्र, अपात्र आणि १४४१६

आमचे सरकार जगण्यापेक्षा मरणाच्या बाबतीत अधिक व्यवस्थित आहे, असे कोणी म्हटल्यास त्यास राजद्रोह समजू नये. दप्तरच तशी साक्ष देते. विदर्भातील एखाद्या शेतकऱ्याने जीव दिला की तलाठी येतो, पंचनामा होतो, सातबाऱ्याचा उतारा, कर्जाचा दाखला आणि तगाद्याचा पुरावा यांची नस्ती तहसील कचेरीतून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते, आणि कर्ज बँकेचे होते की परवानाधारक सावकाराचे, ते थकले होते काय, या प्रश्नांचा यथासांग ऊहापोह होऊन ते मरण 'पात्र' की 'अपात्र' याचा निवाडा होतो. पात्र असल्यास वारसांस २००६ च्या शासन निर्णयाने ठरलेले एक लाख रुपये. मेव्हण्याकडून हातउसने घेणाऱ्याने मात्र आपले दुःख चुकीच्या सदराखाली भोगले, इतकेच म्हणायचे.

जो वाचला त्याचीही सरकारने उपेक्षा केली नव्हती. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३०९ अन्वये त्याच्यासाठी एक वर्षापर्यंतच्या साध्या कैदेची तजवीज होती. असा मनुष्य तीव्र ताणाखाली असतो, असे गृहीत धरण्याची बुद्धी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यास झाली, आणि ते कलम नव्या न्याय संहितेतून वगळले जाऊन ती १ जुलै २०२४ पासून अमलात आली. मनुष्य दुःखी असल्यामुळे मरू पाहतो, हा शोध लागण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली, याबद्दल घाई केल्याचा आरोप तरी कोणी करू शकणार नाही.

आता त्या दुःखिताने मरणापूर्वीच फोन करावा, अशी योजना आहे. समाजकल्याणाचे काम पाहणाऱ्या केंद्रीय मंत्रालयाने २०२० साली 'किरण' हा दूरध्वनी सुरू केला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी आरोग्य मंत्रालयाने 'टेलि-मानस' काढला. मन एकच, परंतु खाती दोन. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, अहोरात्र चालतो, मराठीसह वीस भाषांत बोलतो, आणि बंगळुरूच्या निम्हान्ससारखी संस्था त्याच्या पाठीशी आहे. पलीकडे ऐकण्याची तालीम घेतलेला मनुष्य असतो. ज्याच्या जिवाला खरोखर घोर लागला आहे त्याने हा उपहास येथेच बाजूस सारून तो क्रमांक फिरवावा. सदर काय, पुढल्या आठवड्यातही येईल.

उरलेल्यांनी असा विचार करावा की तो फोन करायचा कोठे? दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आजोबा खाटेवर, मुले अभ्यासाला, आणि सूनबाईने फोन कानाशी नेताच "कोणाचा गं?" ही पृच्छा स्वयंपाकघरातून आलीच म्हणून समजा. २०२४ साली या सेवेत समोरासमोर दिसण्याचीही सोय झाली, म्हणजे आता पलीकडच्या समुपदेशकास आजोबाही दिसतील. सेवेचा विस्तार भाषांत झाला, यंत्रांत झाला. तिची खरी अडचण एका दाराची आणि त्याच्या कडीची आहे, व ती बाब अंदाजपत्रकाच्या कोणत्याच शीर्षाखाली बसत नाही. शिवाय हा क्रमांक झळकतो तो इस्पितळाच्या भिंतीवर. तेथवर जाण्याची उमेद ज्याला आहे, त्याचे निम्मे काम आधीच झालेले असते.

यावर आमच्या परिचयाच्या एका निवृत्त अव्वल कारकुनांनी एक बिनखर्चाची सूचना केली. कर्जवसुलीची नोटीस जेथे पोहोचत नाही असे खेडे या राज्यात नाही. तेव्हा तिच्याच तळाशी, 'सात दिवसांचे आत रक्कम न भरल्यास' या मजकुराखाली, १४४१६ छापावा. ऐन वेळी, ऐन माणसाच्या हाती तो पडेल. सूचना आम्हांस पसंत पडली. परंतु त्या गृहस्थांनीच, चाळीस वर्षांच्या सवयीने, तिच्यावर शेराही मारून दिला: असा क्रमांक छापणे म्हणजे नोटिशीमुळे मनस्ताप होतो हे बँकेने लेखी कबूल करणे होय, सबब प्रकरण दप्तरी दाखल करावे.